मापोचोच्या काठावरची पाचामामा

चिलीच्या राजधानीत, सान्तियागोत, आमच्या टूर बसने कोस्तानेराच्या काचेच्या टॉवरपुढे फोटोंसाठी पाऊण तास थांबवलं, पण तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या शिल्पबागेचं साधं नावही घेतलं नाही. त्याचा राग मला अजून येतो. मग ताई आणि मी मेट्रोने पेद्रो दे वाल्दिव्हियाला उतरलो आणि पूल ओलांडून चालतच गेलो. तिकीट नाही, गर्दी नाही, नदीकाठाने सावली. १९८२ च्या पुराने मापोचो नदीचा हा काठ उद्ध्वस्त केला होता. तो सावरताना प्रोव्हिडेन्सिया नगरपालिकेने इथे चिलीच्या आधुनिक शिल्पकारांना जागा दिली.

मला बघायची होती मार्ता कोल्व्हिनची ‘पाचामामा’, अँडीजमधल्या लोकांची भूमाता. हिला चेहरा नाही, हात नाहीत. दगडाचे अजस्र ठोकळे एकमेकांना भिडलेले, आणि त्यांचे सांधे झाकायचा कुठे प्रयत्नही नाही. उन्हाने तापलेल्या त्या दगडावरून हात फिरवत मी कितीतरी वेळ उभी होते. ताईने दोनदा हाक मारली, तरी पाय निघेना.

आदल्या दिवशी ललित कला संग्रहालयासमोर रेबेका मात्तेचं शिल्प पाहिलं होतं, ग्रीक पुराणकथेतला, पंख लावून उडताना कोसळलेला इकारस आणि त्याच्याजवळ बाप डीडॅलस. १९२२ चं काम. पंखांकडे बघून गलबलून येतं. पण ते शिल्प फ्लॉरेन्सच्या एखाद्या चौकातही तितकंच शोभलं असतं. पाचामामा दुसरीकडे कुठे ठेवायची कल्पनाच करवत नाही.

कोल्व्हिन चियानची. १९३९ च्या भूकंपात ते गाव जमीनदोस्त झालं, आणि ती सान्तियागोला येऊन शिल्पकला शिकली. १९४८ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेली. पुढे इंग्लंडमध्ये तिथला नामवंत शिल्पकार हेन्री मूर भेटला, आणि त्याने तिला तिच्याच खंडाकडे बघायला सांगितलं. ती पेरूतल्या माचू पिचूला गेली, बोलिव्हियातल्या तिवानाकूच्या प्राचीन अवशेषांपाशी गेली. दगडावर दगड रचण्याची तिची रीत तिथली आहे. १९६५ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिकात तिला शिल्पकलेचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

शिल्पकार फेदेरिको आस्लरचे काँक्रीटचे खांबही याच बागेत आहेत. थर्माकोल कोरून तो साचा बनवतो आणि त्यात काँक्रीट ओततो, म्हणून जवळून पाहिलं की इतकं जड काँक्रीट मऊ, फुगीर वाटतं. ताईला हेच जास्त आवडले. त्यावर आमचं जेवणापर्यंत चाललं होतं.

नंतर व्हालपराइसो झालं, द्राक्षमळे झाले, सगळं छान. पण तुमच्या टूरच्या यादीत ही बाग नसेल, तर निघण्याआधीच भांडून ती घालून घ्या. टॉवरचा फोटो काय, बागेतूनही निघतो.