घरच्या चिकनसाठी तीन बॅच: माझा अनुभव

पहिल्या बॅचची जात मी रूप बघून निवडली, हे आधीच कबूल करतो. प्लायमाउथ रॉक. काळे-पांढरे पट्टे, लाल तुरा, अंगणात फिरायला लागली की बघत राहावं अशी. माद्या अंडी देतील आणि नर मांसाला होतील, म्हणजे 'दुहेरी उपयोगाची', हा शब्द तर मला भलताच आवडला होता. २० पिल्लं आणली, नर-मादी न निवडता. त्यांत ११ नर निघाले. या जातीत नर पिल्लाच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका मादीपेक्षा मोठा आणि विसविशीत असतो, हे मला फार उशिरा कळलं.

पिल्लं वाढवणं त्या मानाने सोपं गेलं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३३ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर गारठलीत, कडेला पळून चोच उघडी टाकून बसली तर भाजताहेत, सगळीकडे पसरून चिवचिवत असली तर आपण झोपायला जावं.

गोंधळ पुढे झाला. बाराव्या आठवड्यात नर उंचीला भरले होते, पण हातात धरले की छातीचं हाड अंगठ्याला सुरीच्या पाठीसारखं लागायचं. आधी सांगाडा, मग मांस, अशी या जुन्या जातींची वाढ असते. (जर्सी जायंटची तर सहा महिने नुसती उंचीच बघत बसावी लागते म्हणे. मी त्या वाटेला गेलो नाही.) थांबलो. अठराव्या आठवड्यात त्यांनी एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ केले आणि तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांना, जगणं नकोसं केलं, तेव्हा दिवस ठरवला.

त्या दिवशी मी जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकवली. सकाळी सवयीने खाद्य घातलं, त्यामुळे गळ्याखालची पिशवी भरलेली आणि आतडी टम्म. साफ करताना पिशवी फुटली आणि सगळं मांसावर आलं. आता मी आदल्या रात्रीच खाद्य काढतो, ८ ते १२ तास पोट रिकामं ठेवतो, पाणी मात्र शेवटपर्यंत. पिसं काढायचं पाणी जवळजवळ उकळतं घेतलं होतं, म्हणून पिसांबरोबर कातडीही हातात आली. ६० ते ६५ अंश, साधारण मिनिटभर बुडवायचं, आणि शेपटीचं मोठं पीस ओढल्याबरोबर सुटलं की बाहेर. एकच गोष्ट बरी जमली, ती पत्र्याचं नरसाळं. त्यात पक्षी उलटा बसवला की फडफडून स्वतःला इजा करत नाही आणि आपला हातही स्थिर राहतो. धारदार सुरीने जबड्याखाली दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापायच्या, श्वासनळी नाही. याहून जास्त लिहीत नाही. ज्याला हे करायचं आहे त्याने पहिल्यांदा अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहूनच करावं.

चार नर कापले. एक त्याच संध्याकाळी शिजवला, तीन लगेच फ्रीजरमध्ये टाकले. जेवताना आईने पहिला घास बराच वेळ चावला, मग ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"पट्ट्यांची आहे म्हणालास ना? पट्टाच शिजवलाय."

पुढच्या आठवड्यात उरलेले सातही तसेच कापून थेट फ्रीजरमध्ये गेले. वहीत नोंद केली: जिवंत वजन सरासरी २.३ किलो, साफ केल्यावर १.५, प्रत्येकी खाद्य ९ किलो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ही जात पुन्हा नाही.'

दुसऱ्या बॅचला सरळ ब्रॉयलर आणले, ज्याला सगळे बॉयलरच म्हणतात. २५ पिल्लं. ही खरं तर जात नाही, संकर आहे. मुळात बापाकडून कॉर्निश आणि आईकडून व्हाइट रॉक, म्हणजे माझ्या पट्टेवालीचीच पांढरी बहीण. हे वाचून मी वहीतलं ते वाक्य थोडं खजील होऊन पाहिलं. कॉर्निशच्या रक्तात तर आपला असील आहे. इंग्लंडमध्ये तिला आजही 'इंडियन गेम' म्हणतात. ती रुंद छाती आणि ते फाकलेले पाय झुंजीच्या कोंबड्याकडून आले. अमेरिकेत १९४८ साली 'उद्याची कोंबडी' नावाच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. ती जिंकणारे पक्षी लाल कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांच्या संकराचे होते. कमी दिवसांत जास्त छाती, ही शर्यत तिथून जी सुटली ती आज माझ्या खुराड्यापर्यंत येऊन पोचली होती.

आणि वाढ म्हणाल तर डोळ्यांदेखत. सकाळचं पिल्लू संध्याकाळी मोठं दिसायचं. पण हा पक्षी खाद्याच्या भांड्यासमोरून उठतच नाही. तिथेच बसून खातो, तिथेच हगतो, छातीखालची पिसं झडतात. खाली अंथरलेलं तूस रोज उलथावं लागलं, दर दोन दिवसांनी कोरडं टाकावं लागलं. पाचव्या आठवड्यात एक धडधाकट पक्षी पाण्यापाशी उताणा पडलेला सापडला. हृदय. दुसऱ्याच्या पोटात पाणी झालं होतं. शरीर वाढतं, त्या वेगाने हृदय-फुफ्फुसं वाढत नाहीत. त्यानंतर खाद्य १२ तास पुढे, १२ तास बंद असा नियम लावला. खरं तर तो दुसऱ्या आठवड्यापासूनच लावायला हवा होता. दोन पक्षी पायांतून गेले, ते लवकर कापावे लागले. आणि सातव्या आठवड्यातल्या एका कडक दुपारी मी दोन तास बाहेर होतो, परत आलो तर तीन मेलेले, बाकीचे पंख पसरून धापा टाकताहेत. ओल्या गोणपाटांनी आणि पंख्याने उरलेले वाचले. भारी अंगाचा पक्षी उकाडा सोसू शकत नाही, आणि या पक्ष्याला 'एक आठवडा अजून ठेवू' ही चैन परवडत नाही.

आठव्या आठवड्यात १८ कापले. जिवंत ३ किलो, साफ करून २.२, खाद्य ६.३ किलो. कागदावर याच्यासमोर कोणी टिकत नाही. मांस मऊसूत. चवीबद्दल घरात मतभेद झाले. मी तिला 'सौम्य' म्हणालो, आईने वापरलेला शब्द लिहीत नाही.

या बॅचमध्ये एक गोष्ट चुकून शिकलो. पाहुणे येणार म्हणून दोन पक्षी साफ करून फ्रिजमध्ये ठेवले आणि पाहुणे दोन दिवसांनी आले. ते दोन पक्षी त्याच दिवशी शिजवलेल्यांपेक्षा स्पष्टपणे वेगळे लागले. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, ते पुन्हा सैल पडायला वेळ लागतो. पक्षी आधी बर्फाच्या पाण्यात पटकन गार करून ४ अंशांखाली एक-दोन दिवस ठेवायचा, मगच शिजवायचा किंवा गोठवायचा. मी पहिल्या बॅचला नेमका ताठरलेल्या अवस्थेत पातेल्यात आणि फ्रीजरमध्ये टाकलं होतं.

फ्रीजरच्या तळाशी पट्टेवाल्यांतला एक उरला होता. तो काढून दोन दिवस फ्रिजमध्येच विरघळू दिला, मग झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन तास. वय वाढलेल्या पक्ष्याच्या स्नायूंमधले बंध पक्के होतात, ते भरभर उकळून नाही, हळूहळूच सुटतात. रस्सा भांड्यात उरला नाही. वहीतल्या त्या मोठ्या अक्षरांवर काट मारली.

तेव्हापासून जात निवडताना मी आधी दिवस मोजतो. आठ, अकरा की अठरा आठवडे? त्यावरूनच खाद्य, मऊपणा, शिजवायची पद्धत, नरांची मारामारी आणि आपला लळा किती वाढणार, हे सगळं ठरतं.

तिसऱ्या बॅचला मधला रस्ता धरला, हळू वाढणारे रंगीत संकर. फ्रान्समध्ये 'लेबल रूज' शिक्का मिळवायला कोंबडीला किमान ८१ दिवस वाढवावं लागतं, आणि त्यासाठी असेच पक्षी लागतात. हे उठून फिरतात, माती उकरतात, सावली शोधतात. चौथ्या आठवड्यात पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस ओलं राहिलं आणि विष्ठेत रक्त दिसलं. रक्ती हगवण. डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम द्यायला सांगितलं, तूस पूर्ण बदललं, भांडं विटांवर उंच ठेवलं. एकच दगावलं. औषधानंतर किती दिवस कापायचं नाही, ते पाकिटावर वाचून वहीत लिहिलं. अकराव्या आठवड्यात २.५ किलो, साफ करून १.७५, खाद्य ७.२.

एक किलो साफ मांसामागे खाद्य काढलं तर पट्टेवाले ६ किलो, ब्रॉयलर २.९, रंगीत ४.१. नुसत्या या आकड्यांवर निवडायचं तर ब्रॉयलरच घ्यावा. मी रंगीत निवडले, कारण ते माझ्या चुका पोटात घालतात. आठवडाभर उशीर झाला तरी पाय मोडून बसत नाहीत. ब्रॉयलर फक्त थंडीत, फ्रीजर रिकामा असेल तर.

रंगीतांची एकच गोष्ट खटकते. संकर असल्याने त्यांच्या अंड्यांतून तशीच पिल्लं निघत नाहीत, दर वेळी विकत आणावी लागतात. म्हणून पट्टेवाल्या तलंगा ठेवल्यात, आणि एक नर बाहेरून आणला. त्यांतली एक सध्या खुडूक आहे. खाली ९ अंडी, आज सतरावा दिवस. नर निघतील ते १४ आठवड्यांवर कापायचे की १८, यावर घरात एकमत नाही. आई १४ म्हणते.