भिंतीत बुजवलेले दार

ठाण्याहून कर्जत लोकल पकडली की तासाभरात नेरळ येते, आणि तरीही माथेरानच्या एखाद्या जुन्या बंगल्यात मुक्काम करण्याचा बेत आमच्या घरी कित्येक वर्षे नुसताच शिजत होता. अखेर या फेब्रुवारीत आईला घेऊन दोन रात्रींसाठी गेलो. आईचे वय चौऱ्याहत्तर. तिचे लहानपण ठाण्याच्या चरईतल्या कौलारू घरात गेले आणि ते घर पुनर्विकासात पडले तेव्हापासून कोणत्याही जुन्या वास्तूत शिरल्यावर तिचा हात आधी भिंतीवर जातो. ज्या हॉटेलात आम्ही राहिलो त्याचे नाव लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही येणार आहेत.

वाटेत मी आईला सांगत होतो की, माथेरान एका अर्थाने आपल्या ठाण्याचेच आहे. मे १८५० मध्ये हा डोंगर ज्याने ‘शोधला’ असे म्हणतात तो ह्यू मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता. चौकला तळ पडलेला असताना तो वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला. आज रायगडात असलेला हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येच माथेरानचे वर्णन सापडते. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग तिथले ठाकर आणि धनगर काय हरवले होते का?’’ पुढचा इतिहास मी दस्तुरी नाक्यापर्यंत गिळून टाकला. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे आपली गाडी सोडावी लागते. माणसाने ओढायच्या हातरिक्षात आई पूर्वीही कधी बसली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तिने ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली होती. आम्ही ई-रिक्षाने गेलो.

बंगला जांभ्या दगडाचा आहे. ओसरीवरच्या खांबाशेजारी आईने भिंतीवरून तळवा फिरवला, पांढरी पूड लागलेली बोटे मला दाखवली आणि म्हणाली, ‘‘चुना आहे रे, सिमेंट नाही.’’ या एका गोष्टीसाठी मी जीर्णोद्धार करणाऱ्यांना पूर्ण गुण देतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी पितो. वर चुन्याचा गिलावा असेल तर ते पाणी उन्हाळ्यात हळूहळू बाहेर पडते, पण सिमेंटचा थर दिला की ते आतच कोंडते, क्षार फुटतात आणि चार-पाच वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे निघू लागतात. तिथल्या व्यवस्थापकांच्या सांगण्यानुसार चुना दगडी घाण्यात मळून, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून वापरला होता. माथेरानात ट्रक येत नाहीत, त्यामुळे चुन्याचे प्रत्येक पोते आणि वाळूची प्रत्येक गोण दस्तुरीपासून घोड्यावर किंवा हातगाडीवर आली असणार. खोलीच्या भाड्याचा आकडा पाहून मी जो दचकलो होतो तो हे लक्षात आल्यावर थोडा सावरलो. पूर्ण सावरलो असे म्हणणार नाही.

दिवाणखान्यातल्या पाटीवर मात्र बंगला १८५० च्या दशकातला असून छप्पर ‘मूळचे’ आहे, असे लिहिले होते. वर पाहिले तर सगळी मंगळुरी कौले. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. तेव्हा पाटीवरचे साल खरे असेल, तर पहिले छप्पर गवताचे किंवा नळीच्या कौलांचे असले पाहिजे. यात घराला कमीपणा काहीच येत नाही. घरे दुरुस्त होत होतच टिकतात, फक्त पाटी लिहिणाऱ्याने तेवढे मान्य करायला हवे.

आता तक्रारी. गरम पाणी सकाळी आठनंतरच येत होते आणि न्हाणीघरात उतरायला दोन उंच पायऱ्या असूनही धरायला कठडा नव्हता. माकडांसाठी खिडक्यांना जाळ्या आहेत, पण एक जाळी सैल होती, आणि आमचा चिक्कीचा पुडा पहिल्याच दुपारी गेला.

याच न्हाणीघरात, आरशाच्या बाजूच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीएवढी एक चौकट उमटलेली दिसत होती. वरचा रंग एकच होता, पण कडेने बारीक चीर गेली होती. आई म्हणाली, ‘‘इथे दार होते.’’ ते असणारच होते. अशा बंगल्यांत न्हाणीघराला बाहेरून वेगळे दार ठेवीत, म्हणजे पखालीने पाणी आणणारा भिस्ती आणि मैला नेणारा माणूस साहेबाच्या खोलीतून न जाता मागच्या मागे येऊन जात. दिवाणखान्यात साहेबाचे चित्र आहे, त्याच्या पदाची माहिती आहे, त्याच्या आरामखुर्चीची नक्कल ओसरीवर मांडली आहे आणि संध्याकाळी तिच्यात बसून मीही चहा घेतला. ज्या दारातून त्या घराचे सगळे पाणी आत आले, ते तेवढे विटांनी बुजवले आहे. ठाण्यातली आमची जुनी घरे तर चौकटींसकट गेली, त्यामुळे हॉटेलवाल्यांना जाब विचारण्याचा मला फारसा अधिकार नाही, हेही खरे.

निघायच्या सकाळी आईने व्यवस्थापकांना ते दार बाहेरून पाहता येईल का, असे विचारले. त्यांना आधी कोणते दार ते कळेना. मग ते स्वतः आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेले, गॅसच्या रिकाम्या टाक्या बाजूला सरकवल्या, आणि भिंतीपाशी जांभ्याच्या तीन पायऱ्या निघाल्या, मधोमध चांगल्या झिजलेल्या. आई सगळ्यात खालच्या पायरीवर टेकली. शटल गाडीला अजून चाळीस मिनिटे होती.