कार्डाचं कर्ज, सणवार आणि थोडी शिल्लक : माझा अनुभव

मी नाशिकला राहते, मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत आणि मी एका ऑफिसमध्ये अकाउंट्स बघते. दोघांचे मिळून हातात साधारण ५२ हजार येतात. सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मेडिक्लेमची लिमिट संपली, उरलेलं बिल क्रेडिट कार्डावर भरलं, तरी कमी पडत होतं तर सासूबाईंनी स्वतःहून पाटल्या काढून दिल्या आणि त्यांच्यावर गोल्ड लोन घेतलं. त्या दिवशी तेच करणं बरोबर होतं आणि तशी वेळ आली तर परत तेच करीन. सासरे घरी आले, बरे झाले. मग कार्डावर १ लाख ४० हजार आणि पाटल्यांवर ६० हजार असं डोक्यावर राहिलं.

आधी कार्डाचं सांगते कारण सगळ्यात महाग तेच. स्टेटमेंटमध्ये मिनिमम ड्यू ७ हजार असा आकडा यायचा, तो भरला की लेट फी लागत नाही एवढंच. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १ लाख ४० हजारांवर ४,९०० रुपये, आणि त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ८८२. सात हजार भरून मुद्दलातले जेमतेम बाराशे कमी होणार! शिवाय मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू, मग ती दोनशेची भाजी का असेना. हे कळल्यावर कार्ड वापरणं पहिल्यांदा बंद केलं आणि फोनमधल्या शॉपिंग अ‍ॅप्समध्ये सेव्ह केलेले कार्डाचे डिटेल्सही काढून टाकले.

मिस्टरांच्या कंपनीतल्या कामगारांची पतसंस्था आहे. तिथून १२ टक्क्यांनी १ लाख ४० हजार घेतले, दोन जामीनदार लागले, ते त्यांच्या डिपार्टमेंटमधलेच, आणि कार्ड एकदम क्लिअर केलं. दोन वर्षांसाठी हप्ता साधारण ६,६०० बसला. म्हणजे आधीच्या मिनिमम ड्यूपेक्षाही कमी, आणि दोन वर्षांनी संपणारा. शिवाय पगारातूनच कापला जातो त्यामुळे हातात येतच नाही. ज्यांच्या ऑफिसमध्ये पगारदारांची पतसंस्था आहे त्यांनी पर्सनल लोनचे फोन घेण्याआधी तिथे जाऊन चौकशी करा असं मी अगदी मनापासून सांगेन. गोल्ड लोनचं व्याज ५०० च्या आसपास होतं ते दर महिन्याला भरत राहिलो, नाहीतर वर्षाने मुद्दल आणि व्याज एकदम समोर येतं.

आता बचतीचं. आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली, मिस्टरांचं म्हणणं आधी कर्ज संपवू मग बचत, आणि हिशोबाने बघितलं तर ते बरोबरच आहे, १२ टक्के व्याज भरत असताना पोस्टात सहा-सात टक्क्यांनी पैसे ठेवायचे कशाला. पण माझं मत वेगळं होतं आणि अजूनही तेच आहे. हातात काहीच शिल्लक नसेल तर पुढचा कुठलाही खर्च आला की परत कार्डच काढावं लागणार. म्हणून पहिल्या महिन्यापासून १ हजार वेगळ्या खात्यात टाकले, त्या खात्याला यूपीआय जोडलं नाही, एटीएम कार्ड सासूबाईंच्या कपाटात. आणि ५०० ची पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, ती तर शंभर रुपयांपासून सुरू करता येते. पुढे सासूबाईंच्या दाढेचं रूट कॅनल निघालं, सहा हजार, ते त्या खात्यातून गेले आणि कार्ड काढावं लागलं नाही. त्यानंतर मिस्टर स्वतःच पगाराच्या दिवशी विचारायला लागले, हजार टाकलेस का.

नको ते खर्च थांबवायचे म्हणजे लोक ऑनलाइन शॉपिंगचंच बोलतात. ते मला तरी तेवढं कठीण गेलं नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे म्हणून एक सेक्शन असतो, खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसे तिथे दिसतात, तिथे जाऊन बघितलं तर कोणी बघत नसलेली दोन सबस्क्रिप्शन्स चालू होती, ती कॅन्सल केली. फोनचा मात्र मोह होता, मिस्टरांचा जुना फोन हँग व्हायचा आणि दुकानदार म्हणाला मॅडम नो कॉस्ट ईएमआय आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याजाएवढं डिस्काउंट देतात म्हणून फुकट दिसतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्यालाच पडते. तरी मला भीती त्या तीन-चारशे रुपयांची नव्हती, अजून न झालेल्या सहा पगारांना आधीच हात लागतो याची होती. जुन्या फोनची बॅटरी बदलून घेतली, अजून चालतोय.

खरी परीक्षा असते ती माणसांची. आहेर, मानपान, बारसं, वास्तुशांत, राखी, भाऊबीज. आपण मराठी माणसं एरवी काटकसर करू पण आहेरात मागे राहिलो तर जिवाला लागतं, आणि मला ते चुकीचंही वाटत नाही, सासरे हॉस्पिटलमध्ये असताना हीच माणसं डबे घेऊन येत होती. म्हणून हा खर्च बंद करायचा असं मी कधीच ठरवलं नाही. फक्त सण काही अचानक येत नाहीत, कालनिर्णयावर वर्षभर आधीच छापलेले असतात. एका रविवारी बसून पाडव्यापासून संक्रांतीच्या वाणापर्यंत सगळं लिहिलं, त्यात माहीत असलेली लग्नं धरली, २४ हजार झाले. म्हणजे महिन्याला २ हजार बाजूला. मग प्रत्येक आहेराचा आकडा त्यातूनच ठरायचा, ऐनवेळी घरात वाद नाही.

तरी एकदा जड गेलं. मावससासूबाईंच्या मुलीचं लग्न होतं सिन्नरला आणि सगळ्या जावा-नणंदांनी येवल्याला जाऊन एका रंगाच्या पैठण्या घ्यायचं ठरवलं. दोन दिवस मी ग्रुपवर काहीच बोलले नाही, मग सरळ जाऊबाईंना फोन केला, म्हटलं ताई यावर्षी मला जमणार नाही, आईंच्या पाटल्या सोडवायच्यात, मी माझी लग्नातलीच नेसते. त्या म्हणाल्या, अगं मग आधी बोलायचंस ना, मी पण हप्त्यावरच घेणार होते. शेवटी कोणीच नवीन घेतली नाही. कर्ज आहे हे जवळच्या माणसांना साध्या शब्दांत सांगावं असं मला त्या फोननंतर ठामपणे वाटायला लागलं, कारण नुसतं "बघू" म्हटलं की ते आग्रह करत राहतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं, त्यांना माहीतच नसतं.

दसऱ्याला ग्रॅमभर सोनं घ्यायची सासूबाईंची सवय, त्याचं मला टेन्शन होतं, पण त्याच म्हणाल्या की घरचं सोनं बँकेत आणि आपण नवीन कशाला आणायचं, तेवढे पैसे लोनला भर. तसेच भरले. बिल्डिंगमधल्या हजाराच्या भिशीत मी मुद्दाम शेवटचा नंबर मागून घेतला, बारा जणींचे १२ हजार आले ते सुद्धा तिथेच गेले. (भिशी फक्त रोज तोंड दिसणाऱ्या बायकांमध्येच हं, अनोळखी ठिकाणी अजिबात नको.) बोनस आला तोही घातला आणि पतसंस्थेचे हप्ते संपायच्या आधी पाटल्या सुटल्या.

पतसंस्थेचं लोन मागच्या महिन्यात संपलं. क्रेडिट ब्युरो म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणारी सिबिलसारखी कंपनी, तिच्याकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून गोल्ड लोनपुढे क्लोज्ड आणि कार्डावर बाकी शून्य दिसतेय ना हे तपासलं. ओळखीतल्या एकीने बँकेशी बोलून बाकीपेक्षा कमी पैशात कर्ज मिटवलं होतं, म्हणजे सेटलमेंट केली होती, तिच्या रिपोर्टवर सेटल्ड असं आलंय आणि आता होम लोनला अडतंय, तेव्हा पूर्ण भरणं शक्य असेल तर पूर्णच भरा. आता ते ६,६०० पगारातून कापले जात नाहीत, म्हणून हातात पडले की त्याच दिवशी त्या वेगळ्या खात्यात टाकतो. सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत तिथेच जाणार, मिस्टरांच्या गाडीचं त्यानंतर बघू असं दोघांचं ठरलंय.