पावती

सकाळी दूध आणायला खाली गेले तर वॉचमन म्हणे, "ताई, फ्लॅट सोडून राहिल्या का?" कोणी सांगितलं विचारलं तर नुसता हसला. घरमालक काकांशिवाय कोण सांगणार! माझा फोन उचलत नाहीत, मेसेजवर निळ्या टिका पडतात अन् पुढे सामसूम. वॉचमनशी बोलायला मात्र वेळ आहे.

"भाडं आलं नाही." एवढं एक वाक्य पाठवून काका गडप झाले. माझ्या खात्यातून तर गेलंय. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर पाठवला, बँकेचं स्टेटमेंट पाठवलं. पैशाचं मला एवढं नाही. त्यांना मी भाडं बुडवणारी वाटले, ते जात नाही डोक्यातून.

2023 च्या सप्टेंबरात नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, पहाटे डागा लेआउटमध्ये पाणी शिरलं, तेव्हा हेच काका पँट वर खोचून माझी पुस्तकं जिन्यावर नेऊन ठेवत होते. त्या माणसाला एवढंही विचारावंसं वाटू नये, की पोरी, काय झालं? आईचा फोन येऊन गेला. तिला काही बोलले नाही. बोलले असते तर वर्ध्याला परत ये म्हणाली असती, आणि मग तो विषय...

निशाताईचं वेगळंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 26, भाड्याची पावती देणं घरमालकावर बंधनकारक, नाही दिली तर दिवसाला 100 रुपयांपर्यंत दंड. "स्पीड पोस्टानं लेखी पाठव, पोच ठेव." दुपारी ऑफिसात बसून पत्र लिहिलंही. 'आदरणीय काका' लिहून खाली कलम 26! वाचून माझं मलाच हसू आलं. पण खोडलं काहीच नाही. आदरणीय तर आहेतच. आणि तरी, बुडवणारी? मी?

पत्र पर्समध्येच होतं, संध्याकाळी त्यांच्या मुलाचा मेसेज आला. नवीन मोबाईलवर त्यानं पेमेंटचं ॲप टाकून दिलं तेव्हा पप्पांचं प्रायमरी खातं बदललं, भाडं तिकडे जाऊन बसलंय. काका बघत होते जुनं पासबुक. थोड्या वेळानं खुद्द काकांकडून एक अंगठा आला. बस, अंगठा! चुकलं म्हणणं वगैरे त्यांच्या पिढीच्या घरमालकांत नसतंच बहुतेक. असो बाप्पा. वॉचमनला मात्र त्यांनीच सांगावं, मी नाही सांगणार.

उद्या सीताबर्डीवरून पावतीबुक आणते, एक रुपयाची रेव्हेन्यू तिकिटंही. रक्कम, महिना, सगळं मीच भरून नेईन. काकांनी फक्त सही करायची, आणि काकूंचा चहा झाल्याशिवाय मी काही उठणार नाही.