शुक्रवार, शनिवार, रविवार : आईसोबत कोचीत

आईचं माहेर कुडाळजवळ. लग्न होऊन कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत आली त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तरी बाजारातून बांगडा आणला की तिची भाषा बदलते. गुडघे दुखायला लागले तसं ती म्हणाली, "अजून चालता येतंय तोवर खालचा समुद्र दाखव एकदा." खालचा म्हणजे केरळचा. तिच्या लहानपणी गावातली काही माणसं मंगळूर-कोचीकडे कामाला गेली होती आणि त्यातली सगळी परत आली नव्हती. तेव्हापासून ते नाव तिच्या डोक्यात होतं.

शहरातल्या एका टूरवाल्याकडे गेलो. त्यांनी नऊ दिवसांचा कागद पुढे ठेवला. मुन्नार, ठेकडी, अलेप्पी आणि कोचीला अर्धा दिवस. एकाहत्तर वर्षांच्या बाईला रोज गाडीतून सहा-सहा तास फिरवण्यात मला अर्थ वाटेना. शेवटी फक्त कोचीचे तीन दिवस करून घेतले. शुक्रवारी दुपारी मट्टनचेरीचा राजवाडा आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), शनिवारी अलेप्पीला हाउसबोट, रविवारी सकाळी चर्च. हाउसबोटीचे दोन हजार आगाऊ भरले. तो कागद मी डोळे झाकून खिशात घातला, हे चुकलंच.

कोल्हापूरहून जाण्याचं सांगतो, कारण हे विचारणारे पुष्कळ भेटले. मिरजेहून जाता येतं, पण आम्हाला तशीही मामाकडे एक रात्र काढायची होती. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो आणि कुडाळहून कोकण रेल्वेने निघालो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठलाच बसा. खालचा बर्थ आईसाठी मिळाला तो त्यामुळेच.

शुक्रवारी दुपारी एर्नाकुलमला उतरलो. फोर्ट कोचीला रिक्षाने पुलावरून जाता येतं, पण वॉटर मेट्रो घ्या. हायकोर्टच्या धक्क्यापासून माणशी ४० रुपये आणि साधारण वीस मिनिटं. बोटीत चढताना आईचं कसं होणार ही मला धास्ती होती. तिथला धक्का पाण्यावर तरंगता आहे, भरती-ओहोटीला बोटीबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे दाराशी पायरी अशी नाहीच. आई सरळ चालत आत गेली आणि खिडकीशी बसली.

सामान टाकून रिक्षाने मट्टनचेरी गाठलं. राजवाड्याचं फाटक बंद. आत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि त्याची सुट्टी शुक्रवारी. म्हटलं, हरकत नाही, सिनेगॉग पाहू. तिथेही कुलूप. शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो, म्हणून दुपारी एकलाच बंद होतं, शनिवारी दिवसभर बंद, एकदम रविवारी उघडणार. रविवारी सकाळी पुन्हा चर्चमध्ये प्रार्थना, तेव्हा पाहुण्यांनी जाऊ नये. आमच्या कागदावरची तिन्ही ठिकाणं नेमकी त्यांच्या-त्यांच्या सुट्टीच्या दिवशी टाकलेली होती.

उन्हात उभं राहून मला संताप आला. आई मात्र मसाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "अरे, शनिवार तेली रे हे." मी कधी ऐकलं नव्हतं. रायगडकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, घाण्याचं तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. तिला ते तिच्या आजोबांकडून माहीत होतं. मसालेवाले चेट्टा (तिकडे थोरल्या भावाला असं म्हणतात) हिंदी चांगलं बोलत होते. त्यांनी सांगितलं, बहुतेक ज्यू १९४८ नंतर इस्रायलला गेले, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नाहीत. पण शनिवार बंद म्हणजे बंद. माणसं गेली, तरी त्यांचा वार गल्लीने मोडलेला नाही. हे ऐकल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला.

तिथेच कागदाच्या पाठीवर नवा बेत लिहिला. हाउसबोट रद्द, दोन हजार गेले ते गेले. शुक्रवारी संध्याकाळी चर्च आणि किनाऱ्यावरची मासेमारीची जाळी, शनिवारी राजवाडा आणि चेरलाई, रविवारी सिनेगॉग. तुम्ही जाणार असाल तर याच क्रमाने जा.

सेंट फ्रान्सिस चर्च १५०३ चं. आधी पोर्तुगीजांचं कॅथलिक, १६६३ नंतर डचांचं, मग इंग्रजांचं, आता चर्च ऑफ साउथ इंडियाकडे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला इथे पुरलं होतं. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, आता फरशीतला दगड तेवढा कठड्याआड आहे. आईने तो लांबूनच पाहिला. तिला छताला टांगलेले कापडी पंखे जास्त आवडले. बाहेरून दोरीने ओढायचे.

जाळ्यांपाशी मात्र आम्ही दोन तास होतो. चिनी जाळी म्हणतात ती हीच, किनाऱ्यावर रोवलेली. लांबच लांब लाकडी वासे, पुढच्या टोकाला पसरलेलं जाळं, मागे दोरांना ओळीने बांधलेले दगड. एक जण वाशावरून पुढे चालत जातो तसं त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबायचं, मग चार-पाच जण मागचे दोर ओढतात, दगड एकेक करून खाली येतात आणि जाळं पाणी गाळत वर उठतं. त्या खेपेला आत मूठभर चंदेरी मासळी आणि एक खेकडा होता. "रापणीत एवढ्या माणसांनी एवढंच काढलं तर भांडणं होतील," आई म्हणाली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. तिने लहानपणी ती ओढलेली आहे. तिथल्या एकाने खूण करून दोर तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही पंजांनी, अंगठे आत घेऊन धरला आणि तो माणूस हसायचा थांबून तिच्या हातांकडे बघत राहिला.

शनिवारी राजवाडा पाहिला. डच पॅलेस म्हणतात, पण १५५५ साली पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी नंतर डागडुजी केली. भिंतीवरचं रामायण निवांत बघा, पंधरा मिनिटांत उरकू नका.

तिथून चेरलाई. या तीन दिवसांतल्या ठिकाणांपैकी पुन्हा कुठे जायचं म्हटलं तर मी इथेच जाईन. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे वसली. तिरुमला देवस्वम हे त्यांचं व्यंकटेशाचं मोठं देऊळ. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला, त्याचा पहिला खंड १६७८ चा. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही. या तिघांनी लिहून दिलेला दाखला नागरी लिपीतल्या कोकणीत त्या ग्रंथात छापलेला आहे. देवळात मी सदरा काढून गेलो, आई ओसरीवर टेकली.

देवळामागच्या गल्लीत एक आजी दारात पापड वाळत घालत होत्या. त्यांनी आत वळून नातीला हाक मारली, "उदाक हाड गो!" (पाणी आण गं!) आई जागच्या जागी थांबली. मला म्हणाली, "ही तर आमच्यासारखीच बोलतत!" आणि सरळ त्यांच्या पायरीवर जाऊन बसली. आईची मालवणी, त्यांची कोकणी, मध्येमध्ये मल्याळी शब्द आला की हाताने खूण. मला निम्मंच कळत होतं. आईने विचारलं, "किती वर्सां झाली हंयसर येवन?" आजी हसल्या, चार बोटं वर केली आणि म्हणाल्या, "चारशें." आईला वाटलं होतं, चाळीस म्हणतील.

त्याच भागात गुजराती स्ट्रीट आहे, जैन देरासर आहे, कच्छी मेमनांची वस्ती आहे, तमिळ धोब्यांचा घाट आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आणि लिंगायत मठ बघत मी मोठा झालोय, बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवरच्या गणपतीला आई येता-जाता हात जोडते. पण एका तासाच्या चालण्यात एवढ्या भाषा मी पूर्वी ऐकल्या नव्हत्या.

रविवारी दहाला सिनेगॉग उघडलं. १५६८ चं. चपला बाहेर काढायच्या. खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. वर काचेची झुंबरं. राजवाड्याच्या देवळाची आणि याची भिंत एकच आहे. घड्याळाचा मनोरा १७६० चा, एका तबकडीवर रोमन आकडे, दुसरीवर हिब्रू. आई भिंतीशी बाकावर बसून राहिली. रखवालदारानेही उठवलं नाही.

जेवणाचं एवढंच सांगतो की भात उकड्या तांदळाचा होता आणि आईने पहिल्याच घासाला तो ओळखला. माशाच्या कालवणात काळी, धुरकट आंबट फोड होती, कुडमपुळी. आपल्या आमसुलाच्याच कुळातली. पहिल्या दिवशीच्या मसालेवाल्या चेट्टांकडून तिने पाव किलो घेतली आणि किती घालायची ते तीनदा विचारून घेतलं.

परवा शुक्रवार पेठेत बांगड्याचं कालवण झालं. दोन फोडी, आधी पाण्यात भिजवून, आणि तिरफळं नेहमीसारखी. शेजारच्या काकूंना वाटी दिली तेव्हा आई दारातूनच ओरडून सांगत होती, "ती काळी फोड खायची नाही हं, बाजूला काढा!"