चार नट चोरीला गेले त्या दिवशी

शटर निम्मं वर केलं होतं तेवढ्यात फोन वाजला. सकाळचे साडेआठ, बाहेर धो-धो पाऊस.

"दादा, माझ्या गाडीचे नट चोरीला गेलेत."

"कुठले नट?"

"चाकाचे. चारही चाकांतला एकेक."

मला त्या चोराचं कौतुकच वाटलं. वाईत चोऱ्या होत नाहीत असं नाही, पण चोरायचंच तर माणूस चाक नेईल, बॅटरी नेईल. भर पावसात चार चाकांपुढं चार वेळा उकिडवं बसून दर चाकाचा एकच नट सोडवणारा चोर मी बावीस वर्षांच्या धंद्यात ऐकला नव्हता. मग डोक्यात प्रकाश पडला.

"ताई, ती काकांची नॅनोच ना?"

"हो, तीच."

"चौथ्या नटाचं भोक दिसतंय का बघा बरं."

फोनवर छत्री उघडल्याचा आवाज, मग पाऊस, मग बराच वेळ काहीच नाही. "भोक पण नाही हो," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "बुजवलं असेल का?"

मी हसलो नाही. हसू आलं होतं, पण गिऱ्हाइकाला हसलं की ते पुढच्या वेळी खरं सांगत नाही. नॅनोच्या चाकाला तीनच नट असतात, कारखान्यातूनच तशी आलीय, असं त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. शेजारच्या मुलानं स्वतःची वॅगनआर धुताना सहज यांच्या चाकाकडं बघितलं आणि "काकू, तुमचा एक नट कमी आहे" म्हणाला. मग दोघांनी मिळून चारही चाकं मोजली. आता रोज पसरणी घाट चढून पाचगणीला जाणारी बाई. एका बोर्डिंग शाळेत मेसचं सगळं बघतात, पहाटे निघायचं, संध्याकाळी अंधारात उतरायचं. तीन नटांवर घाट चढायचा म्हटल्यावर तिच्या पोटात गोळा येणारच. "तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा, मग जाते," म्हणाल्या. म्हटलं, या.

ही २०२२ च्या जुलैतली गोष्ट.

लोक समजतात की मेकॅनिककडं बिघडलेल्या गाड्या येतात. माझ्याकडं येणाऱ्यांतल्या कितीतरी बिघडलेल्याच नसतात. गाडीत काहीतरी असतं, मालकाला ते माहीत नसतं, आणि एक दिवस ते अचानक समोर येतं. सुरूर फाट्यावरून एकदा फोन आला, "गॅस भरला आणि गाडी मेली, स्टार्टरसुद्धा फिरत नाही." गाडी सीएनजीची. गॅस भरायचं झाकण नीट बसलं नव्हतं. ते उघडं असेल तर गाडी सुरूच होऊ नये म्हणून तिथं एक बारीकसा स्विच असतो. नळी लावलेली विसरून कोणी निघू नये एवढाच त्याचा उद्देश. मी फोनवरच झाकण दाबायला लावलं, गाडी चालू झाली, आणि त्या माणसानं मला जादूगार ठरवलं. बटण स्टार्टच्या गाडीचा रिमोट मेला म्हणून लग्नाच्या हॉलबाहेर अडकलेलं एक अख्खं कुटुंब होतं. किल्ली त्या रिमोटच्याच पोटात होती, आणि मेलेला रिमोट बटणाला टेकवून धरला तरी इंजिन सुरू होतं. ऑटोमॅटिक गिअरच्या छोट्या गाड्यांत दार उघडलं की कुठूनतरी 'घुंईं' असा आवाज येतो. गिअरचा पंप प्रेशर तयार करत असतो, पण तीन जणांनी मला तो आवाज "काढून टाका" म्हणून सांगितलंय. काट्याशेजारच्या पेट्रोल पंपाच्या चित्राला लागून एक बाण असतो आणि तो टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो, हे तर दहा-दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यांना माहीत नसतं.

पण नॅनोची सर कशालाच नाही. ती गाडीच सगळी अशी आहे.

१० जानेवारी २००८ ला दिल्लीत ती पहिल्यांदा लोकांना दाखवली तेव्हा मी दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला होतो. लाखाची गाडी म्हणून आम्ही सगळे हसलो होतो. टाटांच्या पुण्याच्या इंजिनिअरांनी केलेली, गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या टीमनं. त्या लोकांनी प्रत्येक गोष्टीला "ही लागतेच का?" असं विचारलेलं दिसतं. गाडी हलकी, सहाशे किलोच्या आसपास. चाकं बारा इंची. मग चौथा नट कशाला? रेनोची क्विड २०१५ मध्ये आली तेव्हा तिलाही तीनच नट होते, त्यामुळं हा काही वेडेपणा म्हणता येत नाही. समोरच्या काचेला वायपर एकच. साध्या मॉडेलला डावा आरसाच नाही. इंजिन मागं, दोन सिलिंडरचं, ६२४ सीसी. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली. बॉनेट उघडलं की आत स्टेपनी आणि पेट्रोल भरायचं तोंड. आमच्या गॅरेजमधलं पोर कामाला लागलं त्या आठवड्यात मी त्याला नॅनोचं ऑइल बघायला सांगितलं होतं. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं, आणि माझ्याकडं येऊन हळूच कानात म्हणालं, "मालक, आत इंजिन नाही."

ताईंनी ही गाडी आमच्या गावातल्या एका निवृत्त पोस्टमास्तर काकांकडून घेतली होती. २०११ ची, काकांनी पोरीसारखी जपलेली. घेऊन महिनाही झाला नव्हता. त्या महिन्यात ताईंनी काकांना तीनदा फोन करून डिकीची किल्ली मागितली होती. जुन्या नॅनोची डिकी बाहेरून उघडतच नाही. मागची सीट पाडायची आणि आतून सामान टाकायचं. तेही "लागतेच का?" म्हणून काढून टाकलेलं. उघडणारी डिकी २०१५ च्या मॉडेलला आली.

नऊ वाजता ताई आल्या. गाडी शेडमध्ये घेतली. तीन नट तर तीन नट, पण आलोच आहोत तर घट्ट आहेत का बघावं म्हणून मी पाना घेऊन पुढच्या डाव्या चाकापाशी बसलो. तिन्ही घट्ट. उठताना आधाराला म्हणून टायरवर हात ठेवला, आणि हाताला तो टायर रुंद लागला.

रुंद लागला म्हणजे काय, हे सांगणं अवघड आहे. हाताला सवय असते. मी पुन्हा खाली बसलो, चिंधीनं साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, चिखल पुसला. अक्षरं उमटली: १५५/६५ आर १२. मी तशीच चिंधी घेऊन मागच्या चाकाकडं गेलो. तिथं पुसलं. १३५/७० आर १२.

नॅनोला पुढं १३५ आणि मागं १५५ असतात. पुढं बारीक, मागं रुंद. इथं बरोबर उलटं होतं.

"ताई, टायरचं काम कुणाकडं केलंत?"

"गाडी घेतल्यावर लगेच. टायरवाला म्हणाला, मागचे जास्त घासलेत, पुढचे मागं टाकून देतो, सारखे झिजतील. हवा पण भरून दिली. का हो?"

टायरवाल्याला दोष तरी काय द्यायचा. बाकी सगळ्या गाड्यांना आपण हेच सांगतो, की दहा हजार किलोमीटरला टायर फिरवून घ्या. त्यानं नॅनोला स्विफ्टसारखं वागवलं. चारही चाकांत हवा पण सारखीच भरली होती. नॅनोत ती पुढं कमी आणि मागं जास्त लागते.

"घाटात गाडी कशी चालते?" मी विचारलं. आधी "बाकी काही त्रास?" असं विचारलं होतं तेव्हा त्या नाही म्हणाल्या होत्या.

"चांगली चालते. उतरताना पावसात वळणावर जरा कंबर हलवल्यासारखं करते. छोटी गाडी आहे, हलणारच की."

माझ्या हातातली चिंधी तशीच राहिली. इंजिन मागं असलेल्या गाडीचं ओझं मागं असतं. वळणावर घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की ते ओझं मागचं टोक बाहेर ओढायला बघतं. त्याला धरून ठेवायला म्हणून मागं रुंद टायर दिलेत, आणि पुढचे मुद्दाम बारीक, म्हणजे घसरायचीच वेळ आली तर आधी पुढची चाकं सरकावीत, कारण ते साध्या माणसालाही सावरता येतं. मागचं टोक सुटलं तर तेवढी सवड मिळत नाही. या बाई तीन आठवडे, भर जुलैत, पसरणीची ती ओली वळणं उलट्या टायरांवर उतरत होत्या. कठड्याच्या पलीकडं सरळ धोम धरणाचं पाणी दिसतं.

नटांसाठी एवढ्या धास्तावलेल्या बाईला या कंबर हलण्याची तक्रारच करावीशी वाटली नव्हती.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. बारा दिवसांपूर्वी ही गाडी माझ्याच पिटवर होती. मागची सीट पाडून, कार्पेट उचलून, इंजिनवरच्या झाकणाचे स्क्रू काढून मी स्वतः प्लग बदलले होते. खालून ऑइल बदललं होतं. म्हणजे मागचे टायर माझ्या कानापासून वीतभर लांब होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, कारण मला कुणी टायरचं सांगितलं नव्हतं. चार गोल काळ्या वस्तू, हवा भरलेली, रबर बरं. कोण वाचतं साइडवॉल?

ताईंना मी ते त्याच वेळी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त शाळेत फोन करून आज उशीर होईल म्हणाल्या.

दोन जॅक, गाडी टेकवायच्या दोन घोड्या. पोरानं चाकं काढली, पुढची मागं, मागची पुढं. तीन नटांचं चाक बसवताना एक गोष्ट पाळावी लागते. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडं जायचं नाही. तिन्ही आधी हातानं बसवायचे, मग पान्यानं थोडे-थोडे, फिरत-फिरत. चार नटांत एखादा कमी-जास्त झाला तर बाकीचे सांभाळून घेतात, इथं तेवढी सोय नाही. हवा पुढची उतरवली, मागची वाढवली. कालवलेल्या चुन्यात ब्रश बुडवून पुढच्या चाकांच्या कमानीत आतून १३५ आणि मागच्या कमानीत १५५ लिहिलं. चुना पावसात टिकत नाही, हे दुपारी कळलं. मग ऑइल पेंटनं लिहिलं.

स्टेपनीही दाखवली. ती बारीकच असते, १३५. म्हणजे मागचं चाक पंक्चर झालं तर बारीक स्टेपनी मागं लावून हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, तिच्यावर घाट करायचा नाही. ताईंनी हे मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

मग मी गाडी घेऊन निघालो, ताई शेजारी. घाटाची पहिली पाच-सहा वळणं चढून, वळवून, उतरलो. पाऊस होताच. वायपर एकच असला तरी अर्ध्या चंद्रासारखी बरीच काच पुसतो. उतरताना मी मुद्दाम दोन वळणं ताईंच्याच वेगानं घेतली. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली म्हणणार नाही, नॅनो ती नॅनोच, दोन सिलिंडर मागं रिक्षासारखे बडबडत होते. पण कंबर हलली नाही. ताईंनी वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. तिसऱ्या वळणाला एक हात सोडला.

परत आलो तर गॅरेजात काका बसलेले. मीच सकाळी त्यांना फोन केला होता, टायर त्यांनी फिरवले का हे विचारायला. फोनवर ते चिडले होते, "तेरा वर्षांचा नातू आहे माझा, त्यालासुद्धा माहीत आहे, त्या गाडीचं पुढचं पुढं आणि मागचं मागं." आता रेनकोटच्या आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक दोनशेपानी वही काढून त्यांनी ताईंपुढं धरली. गाडीबरोबर द्यायची राहिली, म्हणाले. पोस्टातलं अक्षर, गोल, निळ्या शाईचं. ताई उभ्यानंच मोठ्यानं वाचायला लागल्या.

"पेट्रोल पुढे. पंपावर पोरगं मागे जाते, हाक मारावी. बॅटरी ड्रायव्हरचे सीटखाली. डिकी नाही, शोधू नये. टायर मागचे मोठे, अदलाबदल सक्त मनाई." पान उलटलं. "चाकास नट तीनच. घाबरू नये."

त्यांनी वही मिटली. "काका, हे आधी का नाही दिलंत?"

काका रेनकोटची बटणं लावत होते. "अहो, तुम्ही एकच विचारलंत. ॲव्हरेज किती देते."