पहिल्यांदा वेगळी धुवा

चादरीचे पैसे दिले की दुकानदार एकच अट घालतो: पहिल्यांदा वेगळी धुवा, रंग जातो. विषय संपला. पुढं ती चादर पाहुण्यांना अंथरा, पुण्याच्या भावजयीला आहेर करा, नाहीतर दुपारी अंगावर घेऊन लवंडा, कुणी विचारायला येत नाही. आमच्या घरात चादरीची नोकरी ठरलेली आहे. आधी पाहुण्यांसाठी, मग आमच्यासाठी, मग इस्त्रीच्या टेबलावर, मग स्कूटर झाकायला आणि शेवटी चार तुकडे होऊन फरशी पुसायला. एवढ्या वर्षांत विणणाऱ्यानं किंवा विकणाऱ्यानं ‘तुम्ही अटींचा भंग केला आहे’ असं कळवलेलं नाही.

आणि ही चादर दिसते तितकी जुनाट वस्तूही नाही. सोलापुरी चादरीची नक्षी उठते ती जॅकार्डवर. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक आलं की सुई आत जाते आणि तिचा धागा उचलला जातो. भोक नसलं की धागा जागच्या जागी. हो किंवा नाही, तिसरं काही नाही. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला ही युक्ती बसवली आणि पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे उचलले. कॉम्प्युटरच्या खानदानात आमच्या चादरीचं नाव बरंच वरच्या फांदीवर लागतं. तेव्हा ‘डिजिटल’ म्हटलं की सोलापूरकरानं बिचकायचं कारण नाही. बिचकायचं ते डिजिटल माल हल्ली ज्या रीतीनं विकतात त्याला.

गाण्यांचंच बघा. आमच्या घरी गाण्यांच्या ॲपचे पैसे भरले जातात, आणि मी ते खुशीनं भरतो. या ॲपला आमचं घर अजून समजलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. सकाळी आई त्याच्यावर बसवण्णांची कन्नड वचनं लावते, दुपारी शेजारच्या तेलुगू वहिनी गप्पांना आल्या की त्यांची भजनं, संध्याकाळी मुलीची कोरियन पोरं आणि रात्री माझी नाट्यगीतं. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून ते जी यादी काढतं, ती वाचताना आईसुद्धा हसते. पण मागेल ते गाणं मागेल तेव्हा लागतं, हे सुख खरं आहे. आठ गाण्यांतली दोनच बरी निघणाऱ्या कॅसेटला पैसे मोजलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

कॅसेटबद्दल उगाच गळा काढणाऱ्यांतला मी नाही. फिलिप्सनं ती १९६३ मध्ये आणली, पण आमच्यासारख्यांच्या घरात ती खऱ्या अर्थानं शिरली ऐंशीच्या दशकात, टी-सिरीजच्या गुलशन कुमारांनी दर पाडल्यावर. तरीही हवी तीच गाणी हवी असतील तर कोरी कॅसेट घेऊन नवी पेठेत ‘भरून’ घ्यावी लागे. वहीच्या पानावर यादी करायची. दुकानदार पहिलं वाक्य हेच बोलायचा, “नव्वदची नको, साठचीच घ्या. नव्वदची टेप पातळ असती, गुंतती.” मग तो पेन्सिलीनं गाण्यांपुढं मिनिटं मांडायचा, कारण एका बाजूला तीसच मिनिटं मिळणार आणि शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटलं तर गिऱ्हाईक भांडायला येणार. बेरीज जमेना झाली की म्हणायचा, “हे एक काढा, त्याच्यापेक्षा मी एक लहान घालतो.” त्यानं घातलेलं ते लहान गाणं पुष्कळदा आमच्या यादीपेक्षा सरस असे.

पुढं मोबाइलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. साध्या दर्जाची, म्हणजे १२८ केबीपीएसची, एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण एक एमबी जागा खायची. चार जीबीच्या कार्डात हजारभर गाणी मावायची. त्यातली आपण सांगितलेली पन्नास, बाकीची दुकानदाराच्या आवडीची. या दोन्ही धंद्यांत गीतकार-संगीतकाराच्या हाती छदाम पडत नव्हता. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला तेव्हा कुठं त्यांचा रॉयल्टीचा वाटा कायद्यानं पक्का केला. त्यामुळं गाणं फुकट मिळावं असं माझं म्हणणं नाही. भाड्यानं देताय तर भाडंही घ्या. फक्त भाडंच आहे हे तोंडानं सांगा.

कारण ते सांगत नाहीत आणि फजिती भलत्या ठिकाणी होते. जानेवारीत मंगळवेढ्याकडं एका मित्राच्या रानात हुरड्याला गेलो होतो. आगटी पेटलेली, शेंगाचटणी-दही-गूळ मांडलेलं, आणि मोबाइलला रेंजची एक काडी नाही. पुतण्या निर्धास्त होता, त्यानं गाणी ‘डाउनलोड’ करून आणली होती. लावायला गेला तर पडद्यावर पाटी: आधी इंटरनेटला जोडा.

“का बे, डाउनलोड केलंय म्हणलास की,” मित्र म्हणाला.

“केलंय की अण्णा. फोनमधीच हाय. पण ॲपला विचारल्याशिवाय वाजंना.”

“मग ते गाणं तुझं हाय का ॲपचं?”

पोरगा गप्प. गाणं फोनमध्येच असतं, पण कुलूप लावलेलं. अधूनमधून ॲप मालकाला विचारून येतं की यानं पैसे भरलेत का. काही ॲपना अशी हजेरी तीस दिवसांत एकदा तरी लागते. शेवटी सालगड्याच्या पेटीएवढ्या स्पीकरनं अब्रू राखली. त्यात मेमरी कार्ड होतं आणि कार्डात कानडी भक्तिगीतांपासून लावणीपर्यंत सगळं. त्यातलं एकही गाणं कायदेशीर नसावं, आणि एकही वाजायचं थांबलं नाही. पैसे भरणारा गप्प बसतो आणि न भरणाऱ्याचं वाजत राहतं, ही कुलपाची करामत मला आजवर समजलेली नाही.

बरं, भाड्याचं सोडा. ‘खरेदी करा’ असं बटण दाबून घेतलेल्या मालाची गत काय? ॲपलनं २००३ मध्ये गाण्यांचं दुकान उघडलं तेव्हा विकत घेतलेल्या गाण्यालाही कुलूप होतं. ठरावीक कॉम्प्युटरांवरच ते वाजे. गाण्यांवरची ही कुलपं २००९ मध्ये निघाली. त्याच वर्षी ॲमेझॉननं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रातून, एक विकलेलं पुस्तक दूरवर बसून काढून घेतलं, कारण विकणाऱ्याकडं त्याचे हक्कच नव्हते. (पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’, सगळ्यांवर पाळत ठेवणाऱ्या सरकारची गोष्ट. मी पदरचा विनोद केला म्हणाल.) मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान मिटलं, तेव्हा गिऱ्हाइकांच्या कपाटातली पुस्तकंही गेली. दोघांनीही पैसे परत केले, हे खरं. पण रात्री कुणी घरात शिरून अंगावरची चादर ओढून नेली आणि उशाशी तिची किंमत ठेवली, तर सकाळी आपण त्याला भला माणूस म्हणणार आहोत का?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून यावर कायदा लागू केला. काढून घेता येण्याजोगा डिजिटल माल ‘खरेदी’ म्हणून विकायचा असेल, तर हा फक्त वापरायचा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला ठळक सांगायचं. माझं मागणं याहून जास्त नाही. आपल्याकडं त्याच २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ हे कलम आलं: हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. कायद्यानं ‘हेतू’ पाहिला हे बरं झालं, नाहीतर हुरड्याच्या रानात माझ्या मनात जे आलं त्यालाही कलम लागलं असतं.

गिऱ्हाइकाच्या बाजूनं आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं, ऑक्टोबर २०२१ पासून, दर महिन्याला किंवा वर्षाला कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर चोवीस तास आधी कळवावं लागतं. या एका मेसेजनं आमच्या घरात मोठी क्रांती केली. आम्ही एक नव्हे, दोन ॲपचे पैसे भरतोय हे सौभाग्यवतींना त्यातून कळलं. दुसरं कुणी आणि कधी चालू केलं याची चौकशी अजून सुरू आहे, आणि संशयाची सुई कुणाकडं आहे हे मी इथं लिहिणार नाही.

त्या चौकशीतून एक ठराव मात्र पास झाला. रोजची गाणी ॲपवरच ऐकायची. पण जी गाणी गेली तर जीव हळहळेल अशी पाचपंचवीस, ती सीडीवर विकत आणून घरात ठेवायची. सीडीला पासवर्ड नाही, तारीख नाही, मुलीच्या सासरी पाठवायची तर कुणाची परवानगी नाही. मी उत्साहानं यादी करायला घेतली, मिनिटांच्या बेरजेसकट.

“पण बाबा, सीडी घालणार कशात?” मुलगी म्हणाली.

लॅपटॉपला तशी फटच नाही. टीव्हीला नाही, गाडीला नाही. जुन्या मालाच्या बाजारात एक प्लेअर सापडला. विकणाऱ्यानं तो वायरी जोडून लावून दाखवला, खणखणीत वाजला. पैसे देताना मी रिमोट मागितला.

“रिमोटचं वेगळं पडतंय मामा,” तो म्हणाला, आणि पोत्यात हात घालून ज्या कंपनीचा हाती लागला तो काढून पुढं धरला.